एकाच चेहऱ्याचे दोन कागद

११ फेब्रुवारी

फोटो-कागदांच्या चाचणी-पट्ट्या लावून चार महिने झाले. आज सगळ्या उतरवल्या आणि स्कॅनरवर मोजल्या. स्टुडिओच्या दर्शनी काचेतल्या (दुपारभर ऊन), आमच्या स्वयंपाकघरातल्या, कपाटातल्या. पाच इंकजेट कागद, आणि मी जन्मायच्या आधी बाबांनी डार्करूममध्ये केलेला एक प्रिंट, कापून.

कपाटातले सगळे ठीक. काचेतला ग्लॉसी कडांना पिवळा. कॉटन मॅट स्थिर, पण त्यातला काळा हा काळा नाही, कोळशाच्या धुळीसारखा. बॅरायटा, म्हणजे जुन्या डार्करूम कागदासारखा लेप असलेला, सर्वांत चांगला. बाबांच्या प्रिंटमध्ये मोजण्याइतका फरक नाही.

'जुन्या फोटोंची नवी प्रत' हा बोर्ड लावून वर्ष होत आलं. गिऱ्हाइकाला कोणता कागद द्यायचा ते आता या तक्त्यावरून ठरवायचं. रकाने: काळ्याची खोली, बारकावे, टिकाऊपणा, त्वचा. शेवटच्या रकान्यात इंकजेट स्पष्टपणे पुढे. उदाहरण गिऱ्हाईक शेवंताबाईंच्या नवऱ्याच्या फोटोचं. डार्करूमचा मूळ प्रिंट कणकण, ठिपक्याठिपक्यांचा. त्यावरून मी केलेली ग्लॉसी प्रत सलग, स्वच्छ. अधोरेखित केलं.

बाबांना तक्ता दाखवला. "छान आहे," म्हणाले. चष्मा लावलेला नव्हता.

१४ फेब्रुवारी

शेवंताबाईंच्या सुनेचा फोन. रंजना. मोहर्लीच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथूनच बोलत होती, मागे भांडी.

"मॅडम, तुमी आमच्या सासऱ्याचा फोटो देल्ला ना, तो लाल होऊन राह्यला."

"लाल म्हणजे कसा?"

"लाल म्हंजे लाल. तोंडाले गुलाल लावल्यावानी."

सप्टेंबरात दिला होता. पाच महिने. आकडा दोनदा मोजला.

१६ फेब्रुवारी

सकाळची मोहर्ली बस. त्यांचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, तलावाकाठी. शे.बाई ओसरीत एकट्या, फाटकं जाळं सांधत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जाळ्याकडे बघत नाहीत. गाठी बोटांनीच.

फोटो चुलीवरच्या भिंतीला. फ्रेमला काच नाही. दर अमावास्येला कपाळाला टिळा लावायचा असतो म्हणून काढली. म्हणजे धूर थेट कागदावर. निळी शाई उडाली, लाल राहिली. काळा-पांढरा फोटो मी साध्या रंगीत शाईत छापला होता. न उडणारी पिग्मेंट शाई यायला आठ दिवस होते, तेवढी थांबले नाही. कागदाच्या पाकिटावर शंभर वर्षं लिहिलेलं. 'काचेमागे' हेही लिहिलेलं, लहान अक्षरात. मी ते वाचलं होतं. त्यांना मात्र शंभर वर्षं एवढंच सांगितलं.

म्हटलं, जुना फोटो द्या, त्यावरून पुन्हा करते.

"जुना आता कुठी राह्यला? शिरवला ना तलावात."

त्याच पुढे सांगू लागल्या.

"एका मानसाचे दोन फोटो ठेवत नाई आमच्यात. मेल्या मानसाचा जीव दोनीकडे ओढते. नवा आला का जुना पान्यात. आन तूच तं म्हनली बाई, जुन्यापेक्षा हा चांगला हाय म्हनून."

म्हटलं होतं. याच ओसरीवर.

"रंजी म्हनते लाल झाला. झाला असन. मले तं काईच दिसत नाई. बारा मार्चले डोळ्याचं ऑपरेशन हाय चंद्रपूरले. पट्टी सुटली का पयले त्यालेच पाहीन. आठ वर्सं झाली, फोटोत बी त्याचं तोंड दिसलं नाई मले."

काळा चहा पाजला. नवी प्रत त्याआधी आणून देते म्हणाले. सोपं आहे. स्कॅन आहे, पिग्मेंट शाई आहे, कागद आहे.

१७ फेब्रुवारी

बॅरायटावर नवा प्रिंट काढला. देखणा. काळा खोल, चेहरा नितळ. बाबा दुपारी खाली आले, या वेळी चष्मा होता.

"हा कोण?"

"शेवंताबाईंचा गोविंदा. तुम्हीच काढलेला."

"माहा नाही हा." बराच वेळ हातात धरून होते. "याच्या तोंडावरचे वण कुठी गेले?"

कसले वण, म्हटलं.

"देवीचे. गालभर होते. मी विसरीन काय? तेव्हा आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवत होतो, वण, खड्डे, सगळं भरून टाकायचो. गिऱ्हाईक खूश. याचं करायला बसलो, तर हा म्हणाला, भाऊ, देवीनं देल्लं हाय, पुसू नका. म्हणून तसाच ठेवला. आख्ख्या धंद्यात असं म्हणणारा एकच भेटला."

मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

कारण सापडलं. मूळ प्रिंटवर बुरशीचे ठिपके होते. मी धूळ-ओरखडे घालवणारा फिल्टर सगळ्या फोटोवर चालवला. ठिपका बुरशीचा की कातडीचा, हे त्याला कळत नाही. मला कळायला हवं होतं. मूळ प्रिंट तेव्हा हातात होता, भिंगही होतं. ठिपके दिसले आणि मी त्यांना कागदाचा दोष धरलं.

त्याच फाइलवर सेव्ह केलं. वेगळी प्रत नाही. दुसऱ्या डिस्कवर आणि ऑनलाइन तीच पुसलेली. फायली परत मिळवणारी दोन सॉफ्टवेअर चालवली. काही नाही.

म्हणजे तक्त्यातला 'त्वचा' हा रकाना कागदांबद्दल नव्हताच. एका बाजूला बाबांचा कागद, दुसऱ्या बाजूला माझा फिल्टर. पूर्ण रकाना खोडला.

मूळ प्रिंट तलावात. माझ्या शब्दावरून.

२१ फेब्रुवारी

निगेटिव्ह असू शकेल. बाबा म्हणतात, मच्छीमार सोसायटीच्या ओळखपत्रांसाठी गावातच काढला होता. फिल्म वाचवायला चौघांना एका बाकावर बसवायचे, एकच फ्रेम, मग प्रिंट कापून ज्याचं डोकं त्याच्या कार्डावर. शे.बाईंचा फोटो म्हणजे त्यातलंच एक डोकं, मागाहून मोठं करून दिलेलं.

निगेटिव्ह माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. बाबांची नोंद नावाने नाही, गावाने. अकरा डबे. पहिला उघडला तर व्हिनेगरसारखा वास. फिल्म स्वतःच आंबते, वाकते, सुटते. वास म्हणजे सुरुवात झालेली.

बाबांना वास येत नाही म्हणे. खरं की काय.

२४ फेब्रुवारी

सहा डबे झाले. मोहर्लीकडची दोन गावं सापडली, हे नाही. एका डब्यातल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वीट झालेली. तो डबा बाजूला ठेवला. आत कोणतं गाव ते पाकीट फाटल्याने कळत नाही. बाबांना सांगितलं नाही.

ऑपरेशनला सोळा दिवस.

मधे एक नववधूचा फोटो आणलेलं गिऱ्हाईक. "शंभर वर्षं टिकेल ना?" मी म्हटलं, ते तुम्ही कुठे लावता त्यावर आहे. त्यांना उत्तर आवडलं नाही. दुसरीकडे गेले.

२७ फेब्रुवारी

सापडलं. नवव्या डब्यात. चौघे बाकावर, मागे धुतलेलं धोतर पडदा म्हणून धरलेलं. बाबा भिंग न लावता म्हणाले, "तिसरा." मी त्या पुसलेल्या फाइलशी ताडून बघितलं: कॉलरची घडी, डाव्या कानाची पाळी, दोन्ही जुळतात. तिसराच.

डोकं तुरीच्या दाण्याएवढं. उजव्या कडेने बुरशीचं जाळं, चौथा माणूस जवळजवळ खाल्लेला, तिसऱ्याच्या कानापर्यंत पोचलेलं. गाल वाचलेत. भिंगाखाली वण दिसतात. मी पाच वेळा बघितलं, वण आहेत की बुरशी. गालावरचे वण आहेत. कानाजवळचं सांगता येत नाही.

१ मार्च

रंजनाला फोन करून सगळं सांगितलं. वण, फिल्टर, निगेटिव्ह. 

"म्हंजे पाच महिने आमी दुसऱ्याच मानसाले टिळा लावून राह्यलो?"

दुसरा नाही, म्हटलं, तोच, फक्त...

"मजाक केली मॅडम." मग आवाज उतरला. "बुढीले सांगू नका तुमी. लाल उतरवा, वणवाला लावून द्या. तिनं तं लालवाला पाह्यलाच नाई. पट्टी सुटन, वणवाला दिसन, बस झालं. कायले तिच्या जिवाले घोर?"

मी विचारलं, गोविंदाचा चेहरा घरात आणखी कोणाला आठवतो?

"कोनालेच नाई. मी तं पाह्यलाच नाई. माहा नवरा पाळण्यात होता, तवाच गेले सासरे. बुढीलेच ठाऊक."

म्हणजे चेहरा बरोबर आहे हे सांगू शकणारी व्यक्ती एकच, आणि तिला दिसत नाही. दिसू लागेल त्या दिवशी तिच्यासमोर मी काय ठेवते त्यावरच तिची आठवण ताडली जाईल.

रंजनाचा उपाय नेटका आहे. कोणाचंही नुकसान नाही. दिवसभर तो बरोबर का वाटत नाही ते शोधतेय.

४ मार्च

निगेटिव्ह स्कॅन केलं. कणाकणाने. फिल्टर नाही. धुळीचा एकेक ठिपका हाताने, आणि गालांना हात नाही. कानाजवळ बुरशी आहे तशी राहू दिली, अंदाज करायचा नाही म्हणून. सेव्ह वेगळ्या नावाने, तीन ठिकाणी.

बॅरायटा, पिग्मेंट शाई. डाव्या गालावर अकरा वण मोजता येतात. चेहरा ओळखू येत नाही इतका वेगळा. रुंद, थोडा हट्टी. पुसलेल्या चेहऱ्यात हट्ट नव्हता.

७ मार्च

बाबा म्हणाले, डार्करूममध्येही करू. मोरी धुतली, खिडकीला काळं कापड ठोकलं. एन्लार्जरची लेन्स ठीक. डेव्हलपरचं रसायन नागपूरहून मागवलेलं. कागद जुनाच, शेवटचं पाकीट, सहा उरलेले. लाल दिव्यात बाबांनी कागदाचा कोपरा ओठाला लावला. चिकटते ती रसायन चढवलेली बाजू. त्यांचा हात थरथरतो म्हणून फोकस मी केला, सेकंद त्यांनी मोजले, मोठ्याने. मी टायमर लावला होता. टायमर आणि बाबा एकदाही चुकले नाहीत एकमेकांना.

पहिले तीन वाया. कागदाला वयाने झाकोळ आलाय, पांढरा पांढरा राहत नाही.

"कागद म्हातारा झाला माह्यासारखा," बाबा म्हणाले. "काळा होत नाही, पांढरा राहत नाही. तुह्या मशिनले बोलाव."

चौथा बरा. दोन्ही शेजारी ठेवून खिडकीपाशी बघितले.

काळ्याची खोली: इंकजेट. बारकावे: इंकजेट, निर्विवाद. डार्करूम प्रिंटवर (डा.प्रिंट) अकरातले सहाच वण वेगळे दिसतात, बाकीचे झाकोळात. टिकाऊपणा: काचेशिवाय, चुलीवर, मला वाटतं डा.प्रिंट. पण एवढ्या जुन्या कागदाचं कोणी मोजलेलं नाही. मीही नाही.

बाबा बराच वेळ दोन्हींकडे बघत होते. "तुझाच चांगला आहे," म्हणाले. मग डा.प्रिंटवर बोट ठेवून, "पण हा त्याच्यासारखा आहे."

'त्याच्यासारखा' हे मोजायला माझ्याकडे काही नाही. फक्त लिहून ठेवते.

११ मार्च

उद्या ऑपरेशन. दोन्ही प्रिंट पुठ्ठ्यात बांधून तयार. दुपारी तीन वेळा उघडून बघितले. घरात एकच ठेवतात. मी दोन नेले तर निवड त्यांच्यावर टाकते. एक नेला तर पुन्हा मीच ठरवते, 'हा चांगला आहे' म्हणून.

१२ मार्च

ऑपरेशन झालं नाही. साखर वाढलेली. एकोणीसची तारीख दिली. रंजना म्हणाली, "बुढी डाक्टरले म्हनते, साखर खाल्लीच नाई मी, मोहफुलाची गोड राब खाल्ली, ते कुठी साखर होय."

सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं याची लाज वाटली.

१९ मार्च

झालं. डावा डोळा. उद्या पट्टी काढून घरी सोडतील. दवाखाना स्टुडिओपासून वीस मिनिटांवर. गेले नाही. तिथे सांगायची गोष्ट नाही ही, असं स्वतःला सांगितलं.

२० मार्च

रंजनाचा संध्याकाळी फोन. घरी पोचले. तिने आधीच लाल फोटो उलटा करून ठेवला होता, भिंतीकडे तोंड. शे.बाईंनी आल्या आल्या वर बघितलं.

"मी म्हनलं, मॅडम नवा आनून राह्यल्या, तवर थांबा. तं म्हनते, आठ वर्सं थांबली, दोन दिस कायचे?"

२२ मार्च

गेले. दोन्ही प्रिंट घेऊन. बसमध्ये काय बोलायचं ते चार वाक्यांत ठरवलं होतं.

शे.बाई काळा चष्मा लावून ओसरीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मले वाटलं तू जाडी असशीन. आवाज जाड हाय तुहा."

रंजना मला आत ओढून पुन्हा म्हणाली, सांगू नका. मी बाहेर आले आणि सांगितलं. चार वाक्यं झाली नाहीत, बरीच झाली. शाई चुकीची होती हे आधी सांगितलं, ते सोपं होतं. मग वण. मी पुसले, मशीनने नाही, मी. आणि तुम्ही जुना शिरवला तो माझ्या सांगण्यावरून.

त्यांनी लाल फोटो मागितला. रंजनाने सरळ करून दिला. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ धरला.

"हा तं कोनी साहेब होय," म्हणाल्या. "पंखा लावून बसनारा."

रंजना हसली, मग थांबली.

मग मी दोन्ही नवे दिले. कोणता कशावर केला, काही सांगितलं नाही. आधी इंकजेट हाती आला. डोळ्याजवळ, दूर, परत जवळ. बोट गालावरून फिरवलं, कागद गुळगुळीत, हाताला काही लागणार नव्हतं.

"इतके होते काय गा त्याले?"

कोणाला विचारलं कळलं नाही. मी आकडा सांगू शकले असते. सांगितला नाही.

दुसरा घेतला, बाबांचा, झाकोळलेला. त्याकडे कमी वेळ बघितलं. की जास्त, मला त्या वेळी नीट मोजता आलं नाही.

"मले वाटे दोन-चार असतीन," म्हणाल्या. "कानाजवळ एक. आन इथी." स्वतःच्या गालाला बोट लावलं. "इतके नाई आठवत मले. तो होता तवा मी कवा मोजले?"

मी विचारलं, हा तोच आहे ना? एवढंच मला हवं होतं.

"डोळे त्याचेच होय." फोटो मांडीवर ठेवला. "आन कवाचा पुसला म्हनते तू? सप्टेंबरात? सहा अमावास्या झाल्या." बोटांवर मोजलं. माझ्याकडे बघितलं, त्या एका नव्या डोळ्याने. त्या बघण्याबद्दल इथे लिहीत नाही.

कोणता ठेवू, ते सांगा, दुसरा मी परत नेते, म्हटलं.

"राहू दे. दोनी राहू दे."

"घरात दोन?" रंजना.

"पाहू दे ना मले. लालवाला बी राहू दे."

चहा झाला नाही. बसपर्यंत रंजना सोबत आली. बस यायच्या वेळी एवढंच, "मी सांगतलं होतं तुमाले."

२४ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "ती म्हणते दोन-चार होते, तर खरंच दोन-चार असतील." मी निगेटिव्ह दाखवलं. "निगेटिव्ह बरोबर आहे. तीही बरोबर आहे." असं होऊ शकत नाही, म्हटलं. ते दुकान आवरायला लागले.

नवीन पट्ट्या लावल्या. या वेळी एक जागा वाढवली: चुलीवर, काच नाही. शेजारच्या मावशींनी त्यांच्या भिंतीवर लावू दिल्या.

३० मार्च

आठ दिवस झाले. आज मीच रंजनाला फोन केला.

"बुढी तिनी फोटो घेऊन बसते, दोपारभर. मांडते, उचलते. एक बाजूले ठेवते, मंग तोच पुन्ना घेते. शेजारच्या बाया म्हनतात, एका मानसाचे तीन-तीन, चांगलं नोहे, शिरवून टाक. तं म्हनते, कोनता तो ते पटलं का बाकीचे शिरवीन."

भिंतीवर कोणता आहे, विचारलं.

"भिंतीवर कोनीच नाई. खिळाच हाय." मग थोडं थांबून, "परवा अमावास्या होती. टिळा लावलाच नाई तिनं. वाटीत तसाच वाळला."

मी येऊ का, म्हटलं.

फोन बाजूला धरून तिने आत विचारलं. ऐकू आलं नाही काय उत्तर आलं. परत येऊन म्हणाली, "सद्या नोका येऊ, म्हनते. बलावीन म्हनते."